पार्डनर, सुसू आणि आईची भिशी

इंग्लंडात आल्यावर पहिल्या महिन्यातच एक शोध लागला. ह्या देशाच्या लेखी मी अजून जन्मलेलोच नव्हतो!

झालं असं, की पीएचडीसाठी बर्मिंगहॅमला आलो, खोली मिळाली, विद्यापीठाचं ओळखपत्र मिळालं आणि मोबाईलचं मासिक कनेक्शन घ्यायला एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने नाव-पत्ता कॉम्प्युटरात घातला, स्क्रीनकडे पाहिलं आणि गोड हसून सांगितलं, "सॉरी, तुमची क्रेडिट हिस्ट्री नाही." मी म्हटलं, बाई गं, मी आयुष्यात कधी कर्जच घेतलेलं नाही, हिस्ट्री कुठून आणू? आणि कर्ज न घेणं ही चांगली गोष्ट नाही का? तर नाही. ज्याने कर्ज घेऊन फेडलं तो भरवशाचा, आणि ज्याने कधी कुणापुढे हात पसरला नाही तो संशयित. आमच्या आजोबांनी सगळी हयात "ऋण काढू नये" एवढं एकच वाक्य सांगण्यात घालवली. त्यांना इथे कुणी मोबाईलसुद्धा दिला नसता.

मी तेव्हा हँड्सवर्थ भागात राहायचो. तिथल्या सोहो रोडवरून चालत गेलं की एका बाजूला पंजाबी मिठाईची दुकानं, दुसऱ्या बाजूला जमैकन बेकऱ्या, मध्ये न्हाव्यांची दुकानं आणि लग्नाच्या साड्या. माझ्या शेजारी एक जमैकन आजी राहायच्या. सत्तरी ओलांडलेली, हॉस्पिटलातल्या नोकरीतून निवृत्त, आणि पुढच्या खोलीत खिडकीशी एक जुनं शिलाई मशीन. मोबाईलची कहाणी ऐकून त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "अरे, मग तू पार्डनर का नाही टाकत?"

मला ऐकू आलं 'पार्टनर'. मी लाजून म्हटलं, आई-वडील बघतायत, एवढ्यात विचार नाही. त्यावर त्या आणखीनच हसल्या, आणि मग चहा ठेवून त्यांनी मला पार्डनर म्हणजे काय ते समजावलं. दर आठवड्याला ठरावीक रक्कम प्रत्येकीने एका बाईकडे द्यायची. त्या बाईला म्हणायचं 'बँकर'. आपण जी रक्कम देतो तो आपला 'हात'. आणि सगळ्यांची मिळून जमलेली रक्कम दर आठवड्याला एकीला मिळते, तो तिचा 'ड्रॉ'. सगळ्यांचे ड्रॉ झाले की फेरी संपली, पुन्हा पहिल्यापासून. कागद नाही, व्याज नाही.

मी म्हटलं, अहो आजी, ही तर आमची भिशी!

मंडळी, त्या दिवशी मला भिशी सापडल्याचा आनंद झाला खरा, पण मनात कुठेतरी ओशाळलोही. कारण कराडला आमच्या घरी दर महिन्याच्या पाच तारखेला आईची भिशी असायची, तेव्हा मी आणि बाबा तिची भरपूर थट्टा करायचो. बटाटेवडे, चहा, चिठ्ठ्या आणि गल्लीभराच्या बातम्या. "आज रिझर्व्ह बँकेची मीटिंग आहे," असं बाबा म्हणायचे आणि पेपर घेऊन गच्चीवर जायचे. मी इंजिनियर झाल्यावर तर आईला हिशेब करून दाखवला होता, की भिशीत व्याज शून्य, महागाई सात-आठ टक्के, म्हणजे तुम्ही सगळ्या जणी मिळून दर वर्षी तोट्यात. आई म्हणाली, "असेल बाबा." आणि पुढच्या महिन्याचे वडे कुणाकडे ते ठरवायला फोन लावला.

माझा हिशेब चुकला होता. तो कसा, ते आधी सांगतो.

समजा दहा बायका आहेत, प्रत्येकीला आठवड्याला दहा पौंड बाजूला टाकता येतात आणि प्रत्येकीला शंभर पौंडांची एकेक वस्तू हवी आहे. समजा शिलाई मशीन. प्रत्येकीने आपापल्या डब्यात पैसे साठवले तर दहा आठवड्यांनी दहाही जणींना मशीन मिळेल. आता त्यांनी भिशी लावली. पहिल्याच आठवड्यात शंभर पौंड जमले, एकीचं मशीन आलं. दुसऱ्या आठवड्यात दुसरीचं. शेवटच्या बाईला दहाव्या आठवड्यात, म्हणजे एकटीने साठवून जेव्हा मिळालं असतं तेव्हाच. कुणाचंच नुकसान नाही, आणि बाकी नऊ जणींना आधी मिळालं. सरासरी थांबणं दहा आठवड्यांवरून साडेपाचावर आलं. शिवाय जिचं मशीन आधी आलं तिची शिलाईची कमाईही आधी सुरू झाली. अर्थशास्त्रज्ञांनी ह्यावर १९९३ साली गणितं मांडून शोधनिबंध लिहिले. आईला ते तिच्या पद्धतीने आधीच माहीत होतं. मी व्याज मोजत होतो, आणि ती थांबणं मोजत होती.

गणितात एकच भोक आहे. पहिल्या आठवड्यात शंभर पौंड घेऊन ती बाई पळून गेली तर? बँक ह्यासाठी तारण मागते, सही मागते, क्रेडिट हिस्ट्री मागते. पार्डनरमध्ये हे काम बँकर बाईचं डोकं करतं. कोण कुठे कामाला आहे, कुणाचा नवरा पितो, कुणी मागच्या वर्षी दुकानदाराची उधारी बुडवली, कुणाची आई गावाकडे आजारी आहे, हे सगळं तिला ठाऊक असतं. नवी बाई आली की तिचा ड्रॉ शेवटी. दोन-तीन फेऱ्या नीट भरल्या की ती वर सरकते. ज्याला आपण गप्पा आणि चौकश्या म्हणतो, ती खरं तर ह्या बँकेची कर्ज-तपासणी असते. मराठीत 'पत' असा सुंदर शब्द आहे. क्रेडिट हिस्ट्री म्हणजे कागदावरची पत, आणि ही माणसांच्या तोंडावरची.

आता ह्या तोंडी पतीवर बर्मिंगहॅममध्ये काय काय उभं राहिलं ते ऐका.

दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटनला माणसांची फार चणचण होती. २२ जून १९४८ रोजी 'एम्पायर विंडरश' ह्या जहाजातून जमैका आणि आसपासच्या बेटांवरची काहीशे माणसं लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरली. पुढची वीस वर्षं कॅरिबियन बेटांवरून लोक येत राहिले. बायका हॉस्पिटलांत, कारखान्यांत, बसमध्ये कामाला लागल्या. नोकरी मिळायची, घर मात्र मिळायचं नाही. भाड्याच्या खोल्यांच्या पाट्यांवर काळ्यांनी येऊ नये असं उघड लिहिलेलं असे. बर्मिंगहॅम महापालिकेची स्वस्त घरं होती, पण शहरात पाच वर्षं काढल्याशिवाय त्यांच्या यादीवर नाव लागत नसे. बँका आणि गृहकर्ज देणाऱ्या संस्था दारातूनच परत पाठवत. आणि अर्जदार बाई असेल तर विचारूच नका. गोऱ्या बाईलासुद्धा कर्जासाठी नवरा किंवा बाप जामीन म्हणून आणायला सांगत.

हे काही चोरून चाललेलं नव्हतं. वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा १९६५ साली आला, पण त्यात घरं आणि नोकऱ्या नव्हत्याच. त्या आल्या १९६८ च्या कायद्यात. आणि बाई आहे म्हणून कर्ज नाकारणं बेकायदा ठरायला १९७५ उजाडलं. हँड्सवर्थला लागूनच स्मेदिक आहे. तिथल्या नगरपालिकेने तर मार्शल स्ट्रीट नावाच्या एका रस्त्यावरची विक्रीला आलेली घरं स्वतः विकत घेऊन फक्त गोऱ्या कुटुंबांना द्यायचा घाट घातला होता. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतला माल्कम एक्स मुद्दाम तो रस्ता बघायला आला होता. (पुढे सरकारने नगरपालिकेच्या त्या बेताला पैसे द्यायचं नाकारलं.)

म्हणजे खोली भाड्याने नाही, सरकारी घर नाही, कर्ज नाही. मग उरलं काय? मोठी, जुनी, पडकी व्हिक्टोरियन घरं, जी गोऱ्या गिऱ्हाइकांना नको होती. ती रोख पैसे किंवा मोठी अनामत दिली तर मिळायची. आणि ती रोख रक्कम आली पार्डनरमधून. आठवड्याचा हात टाकत टाकत घराच्या अनामतीइतकी रक्कम उभी राहायची. एक घर झालं की त्यातल्या खोल्यांत नव्याने आलेले गावकरी भाड्याने राहायचे, तेही त्याच पार्डनरमध्ये हात टाकायचे, आणि त्यातून दुसरं घर. ह्या साखळीत बँकर बहुतेक वेळा बाईच असायची आणि खोल्या भाड्याने देणारी घरमालकीणही पुष्कळदा तीच. कुणी स्वयंपाकघरात केस विंचरून-वळवून द्यायचा धंदा सुरू केला, कारण काळ्या बायकांचे केस करायला इथल्या सलूनमध्ये कुणाला येत नव्हतं. कुणी शिलाई, कुणी पोरं सांभाळणं, कुणी शनिवारी डबे. आमच्या शेजारच्या आजींचं खिडकीतलं मशीन असंच एका ड्रॉचं. "बँकेने नाही म्हटलं त्याच आठवड्यात घेतलं," हे त्या अजून अभिमानाने सांगायच्या.

ही पार्डनर जमैकन लोकांनी इंग्लंडात शोधून काढली का? नाही. आणि जमैकातही नाही. तिचं माहेर समुद्रापलीकडे, पश्चिम आफ्रिकेत.

आजच्या नायजेरियातल्या योरुबा लोकांत हिला 'एसुसू' म्हणतात. सॅम्युअल जॉन्सन नावाच्या योरुबा धर्मोपदेशकाने आपल्या लोकांचा मोठा इतिहास लिहिला, तो १९२१ साली छापला गेला. त्यात एसुसूचं वर्णन आहे. विल्यम बास्कॉम ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९५२ साली तिच्यावर सविस्तर निबंध लिहिला. अटलांटिकपार गुलाम म्हणून नेलेल्या माणसांकडे काहीच सामान नव्हतं, नावंसुद्धा काढून घेतलेली. पण पैसे एकत्र टाकायची रीत डोक्यात होती, ती कुणाला काढून घेता आली नाही. त्रिनिदादमध्ये तिला आजही 'सुसू' म्हणतात. एसुसूच आहे ते! बार्बाडोसमध्ये ती झाली 'मीटिंग टर्न', गयानात 'बॉक्स हँड' आणि जमैकात 'पार्डनर'. आणि विंडरशनंतर ती आली बर्मिंगहॅमला, त्या माणसांच्या मालक देशात.

पश्चिम आफ्रिकेत ही रीत बायकांच्या हातात जास्त का? ह्याचं उत्तर बाजारात आहे. तिकडच्या पुष्कळ समाजांत नवरा-बायकोचा पैसा वेगळा असतो. घरच्या वापराचं बरंचसं बाईने स्वतः कमवायचं, आणि तो कमवायची जागा म्हणजे आठवडी बाजार. पामचं तेल, मिरची, सुकी मासळी, कापड. एका गावची बाई दुसऱ्या गावात लग्न होऊन जाते, त्यामुळे तिच्या ओळखी दोन्ही गावांत आणि मधल्या सगळ्या बाजारांत. कुठे माल स्वस्त आहे, कोण उधार देतं, कुणाकडे उतरायला जागा आहे, ही माहिती त्या ओळखींतून फिरते. एसुसूचा हप्ता त्याच वाटेने जातो. (आपल्याकडच्या माहेरवाशिणींची आठवण झाली ना? मलाही झाली.) घानात सुसू, कॅमेरूनमध्ये 'न्जांगी', फ्रेंच बोलणाऱ्या देशांत 'तोंतीन'. नावं अनेक, वाट एकच.

ह्या ओळखींच्या जाळ्यात किती ताकद असते हे ब्रिटिश सरकारला एकदा फार भारी किंमत घेऊन कळलं. अर्थात किंमत मोजली ती बायकांनीच. १९२९ सालची गोष्ट. आग्नेय नायजेरियात इग्बो लोकांच्या भागात सरकारने नुकताच पुरुषांवर कर बसवला होता. त्या वर्षी पाम तेलाचे भाव पडले होते. नोव्हेंबरमध्ये ओलोको नावाच्या गावात सरकारने नेमलेल्या मुखियाचा माणूस घरोघरी माणसं आणि जनावरं मोजत फिरू लागला. न्वान्येरुवा नावाची बाई अंगणात पाम तेल काढत होती. तिला त्याने विचारलं, तुझ्या शेळ्या-मेंढ्या आणि माणसं किती. तिने उलट विचारलं, तुझ्या आईला कुणी मोजलं होतं का? भांडण झालं. ती तशीच उठून गावच्या बायकांच्या सभेत गेली.

इग्बो बायकांच्या अशा सभा नेहमीच भरत. त्यात बाजाराचे नियम ठरत, पैशाची देवघेव होई, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं ते ठरे. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या लेखी ह्या सभा नव्हत्याच, कारण त्यांच्या वहीत मुखिया फक्त पुरुष. त्या दिवशी सभेने आसपासच्या गावांतल्या बायकांना पामच्या झावळ्या पाठवल्या. झावळी मिळाली की ती पुढच्या गावाला पोचवायची, हा संकेत. काही दिवसांत हजारो बायका ओलोकोत जमल्या. मुखियाच्या घराला वेढा घालून, गाणी म्हणत, नाचत त्यांनी त्याला जेरीस आणलं. सरकारला त्याला पदावरून काढावं लागलं आणि दोन वर्षं तुरुंगात टाकावं लागलं. पण बातमी बाजाराच्या वाटांनी पुढे जातच राहिली, बाकीच्या मुखियांविरुद्धही बायका उठल्या, आणि डिसेंबरमध्ये सैन्याने गोळ्या झाडल्या. पन्नासहून अधिक बायका मेल्या. सरकारने त्याचं नाव ठेवलं 'आबाचे दंगे'. बायका स्वतः त्याला म्हणत 'बायकांचं युद्ध'. त्यानंतर बायकांवर कर लावायचा विषय बाजूला पडला, आणि मुखिया नेमायची पद्धतही बदलावी लागली.

चौकशी समित्या बसल्या, अभ्यासक पाठवले गेले, आणि मग साहेबांच्या लक्षात आलं की आपण ज्याला बाजारातली बडबड समजत होतो ती एक संस्था होती. मला हे वाचताना गच्चीवर पेपर घेऊन जाणारे आमचे बाबा आठवले. आणि अर्थात मीही.

मी एकटाच चुकलो असं नाही म्हणा. क्लिफर्ड गिर्ट्झ हा मोठा मानववंशशास्त्रज्ञ. त्याने १९६२ साली लिहिलं, की अशा भिश्या म्हणजे शेतकरी समाज व्यापारी समाज होताना लागणारी मधली पायरी. बँका आल्या की त्या जातील. दोन वर्षांनी, कॅमेरूनमध्ये काम केलेल्या शर्ली आर्डनर ह्या इंग्लिश बाईंनी जगभरची उदाहरणं गोळा करून दाखवलं, की त्या जात नाहीत. बँकेत खाती असलेले लोकही भिशी लावतात. हँड्सवर्थमध्ये हे मी रोज बघत होतो. सोहो रोडवर चार पावलांवर बँक होती, आणि पंजाबी बायकांची 'कमिटी' आणि जमैकन बायकांची पार्डनर दोन्ही जोरात.

आता कुणी म्हणेल, आपल्या मराठी माणसांचा ह्यात काय संबंध? तर लंडनच्या आजीबाईंची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. सरोजिनी वैद्य ह्यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आहे. राधाबाई बनारसे मूळच्या यवतमाळकडच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, इंग्रजी तर लांबच. विधवा झाल्या, मग दुसऱ्या लग्नानंतर १९४० च्या दशकात लंडनला आल्या. तो नवराही गेला. मग उत्तर लंडनात गोल्डर्स ग्रीनजवळ हूप लेनवर त्यांनी राहण्या-जेवण्याची सोय सुरू केली, आणि त्यातून पुढे एकापाठोपाठ एक घरं घेतली. म्हणजे जमैकन घरमालकिणी करत होत्या तेच, त्याच काळात, त्याच देशात. आजीबाईंकडे पार्डनर होती असं मी म्हणत नाही. पण त्यांचं भांडवल त्याच जातीचं होतं. शिकायला आलेला विद्यार्थी, महाराष्ट्रातून आलेला पाहुणा, प्रत्येक जण परत गेल्यावर चार जणांना सांगणार, की लंडनला गेलात तर आजीबाईंकडे उतरा. त्यांच्या खाणावळीची जाहिरात पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत फुकट होत होती.

आणि खाणावळ म्हटली की मुंबईचं गिरणगाव आलंच. गिरणी कामगारांना डबा घालणाऱ्या बायका महिन्याचं जेवण उधारीवर घालायच्या आणि वाणसामान सावकारी व्याजाने आणायच्या. प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बायकांचे गट केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांना मिळवून दिलं. तारण काय, तर एकमेकींचा शब्द. त्याआधी १९५९ साली गिरगावात सात गुजराती बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, ते 'लिज्जत'. आणि १९९७ साली सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा ह्यांनी माणदेशी महिला सहकारी बँक काढली. तिचा परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, कारण संचालक बायका निरक्षर, अंगठे उठवणाऱ्या. त्या बायका लिहायला-वाचायला शिकायला लागल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आम्हाला कुठलीही रक्कम द्या, तिचं व्याज सांगतो. तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटर घेऊन बसवा, बघू कोण आधी सांगतं. परवाना मिळाला.

असो. आता एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजू न सांगणं खोटेपणाचं होईल. पार्डनरमधली बँकर पैसे घेऊन गायब झाली तर कायद्याची मदत मिळणं कठीण. बँक बुडाली तर ठेवीला सरकारी विमा असतो, इथे काही नाही. हप्ता चुकला तर दंड असतो तो अब्रूचा, आणि तो फार क्रूर असू शकतो. नवऱ्याची नोकरी गेली म्हणून हप्ता चुकलेल्या बाईला बाजारात तोंड दाखवणं कठीण होतं. शिवाय आयुष्यभर न चुकता पार्डनर भरलेल्या माणसाची ती नोंद बँकेच्या कॉम्प्युटरात कुठेच जात नाही. आमच्या आजी चाळीस वर्षं बँकर होत्या. त्यांनाही कदाचित त्या दुकानातल्या मुलीने कनेक्शन नाकारलं असतं. आणि कागद नसणं किती महागात पडतं हे पुढे २०१८ साली दिसलंच. विंडरशच्या पिढीतल्या कितीतरी म्हाताऱ्यांना, पन्नास वर्षं ह्या देशात काम करूनही कागद दाखवता आला नाही म्हणून, हद्दपारीच्या नोटिसा आल्याचं उघड झालं.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ओळखीच्या बँकेत अनोळखी माणसाला जागा नसते. आईच्या भिशीत बारा बायका होत्या. बाराही आमच्याच गल्लीतल्या, आणि नीट आठवलं तर जवळजवळ सगळ्या एकाच जातीच्या. आमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशी बारा वर्षं येत होत्या. त्यांच्या हिशेबात एका पैशाची चूक कधी झाली नाही. पण त्यांना भिशीत घ्यावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. विश्वास होता, पण तो कपाटाची किल्ली देण्यापुरता. म्हणून मला त्या बायकांचं जास्त कौतुक वाटतं ज्यांनी हे कुंपण थोडं मागे सरकवलं. म्हसवडच्या बायकांनी बँक काढली. लंडनच्या हॉर्न्सी भागात कॅरिबियन कुटुंबांनी १९६४ साली क्रेडिट युनियन काढली, म्हणजे आपल्याकडची पतपेढी. ब्रिटनमधल्या अगदी पहिल्या काहींपैकी ती एक. सरकारने क्रेडिट युनियनसाठी स्वतंत्र कायदा केला तो पंधरा वर्षांनी, १९७९ मध्ये.

हे सगळं वाचून झाल्यावर एका रविवारी आईला फोन केला. म्हटलं, आई, तुझी भिशी आफ्रिकेतल्या बायकाही लावतात, आणि माझं गणित चुकलं होतं. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस." मग बोलता बोलता विचारलं, की मी इकडे आलो तेव्हा तिकिटाला आणि खोलीच्या अनामतीला पैसे कमी पडत होते, तू पाच तारखेला भिशी लागली म्हणून आणून दिलेस, ते आठवतं का? आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझी चिठ्ठी नव्हती रे निघाली तेव्हा. शेजारच्या काकूंची निघाली होती. त्यांनी मला दिली."

काकू ब्लाऊज शिवायच्या. त्या पैशांत त्यांना पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं, दिवाळीआधी. साड्यांचा हंगाम तोच. ते मशीन आलं पुढच्या उन्हाळ्यात. म्हणजे माझ्या पीएचडीसाठी काकूंचा एक अख्खा हंगाम बुडाला होता, आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. मी गणितात सरासरी थांबणं काढत होतो ना, दहावरून साडेपाच? त्यात जी थांबते तिचं नाव नसतं.

मी म्हटलं, आई, तू मला आधी का नाही सांगितलंस? मी त्यांचे आभार तरी मानले असते. निदान आता त्यांना फोन लावून दे.

"आभार कसले मानतोस?" आई म्हणाली. "त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी मी माझी चिठ्ठी त्यांना दिली. फिटलं ते. तू आलास की जाऊन ये त्यांच्याकडे, आणि रिकाम्या हाताने जाऊ नको."

डिसेंबरात जाणार आहे. काकूंना काय न्यावं ह्याचा विचार चालू आहे. शेजारच्या आजी म्हणाल्या, चांगली कात्री ने, इंग्लंडात शेफील्डची मिळते, शिवणाऱ्या बाईला दुसरं काय लागतं.